नव्या कॅमेऱ्यासाठी जुनं काय विकावं, काय ठेवावं

नवी बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) घ्यायचं मनात आलं की बहुतेक जण पहिला हिशेब एकच मांडतात: घरातलं जुनं सगळं काढलं तर किती येतील? माझं म्हणणं, सुरुवात तिथून करू नका. जुन्या वस्तूला बाजारात काय भाव मिळतो हा नंतरचा प्रश्न. ती वस्तू उद्यापासून हाताशी नसेल तर तिच्या जागी काय आणावं लागेल आणि त्याला किती पडतील, हे आधी काढा. हा आकडा कागदावर आला की काय विकायचं आणि काय ठेवायचं हे बरंचसं आपोआप ठरतं.

मी साताऱ्यात लग्नं, बारशी, वास्तुशांती अशा ऑर्डरी करते. मधल्या काळात इथल्या मसालेवाल्यांची, कंदी पेढेवाल्यांची प्रॉडक्ट फोटोग्राफी असते. हिवाळ्यात सवड झाली की पहाटे निघून भिगवण गाठते, पक्ष्यांसाठी. माझं सगळं सामान निकॉनचं, म्हणून उदाहरणंही निकॉनची. कॅननवाल्यांचं गणित जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगते.

कॅमेरा नक्की कुठे अडतो

‘आता जुना झाला’ हे काही विकण्याचं कारण नाही. माझी डी७५० हे २०१४ साली आलेलं मॉडेल. चोवीस मेगापिक्सेल, दोन एसडी कार्डांची सोय, अंधाऱ्या कार्यालयातही नीट टिकणारी फाइल. बारा बाय छत्तीसच्या अल्बमला तिची फाइल आजही पुरून उरते. निकॉनने २०२५ मध्ये आणलेल्या झेड५ टू या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) बॉडीमध्येही मेगापिक्सेल जवळजवळ तेवढेच आहेत. त्यामुळे ‘फोटो अजून चांगले यावेत’ एवढ्याच इच्छेवर मी लाखाच्या वर खर्च केला नसता.

ती अडते दोन ठिकाणी. पहिलं व्हिडिओ. डी७५० फुल एचडीच्या पुढे जात नाही, आणि लाइव्ह व्ह्यू चालू केला की फोकस पुढेमागे चाचपडत बसतो. हल्ली हळदीच्या दिवशीच नवरीची बहीण रील मागते, तिथे हे चालत नाही. दुसरं पक्षी. डी७५०चे ५१ फोकस पॉइंट सगळे फ्रेमच्या मध्यावर दाटीवाटीने बसलेले आहेत. उजनीच्या पाण्यावर नदी सुरय सूर मारतो तेव्हा तो मध्यावर राहत नाही. तो कडेला सरकला की पॉइंट संपतात, फोकस मागच्या पाण्यावर जातो, आणि पाण्याचे थेंब स्पष्ट, चोच धूसर अशी फ्रेम हातात येते. फ्लेमिंगोंचं तसं नाही. ते संथ चालतात, थवा मोठा असतो, त्यांना डी७५० उत्तम पुरते. म्हणजे मला अडचण ‘पक्ष्यांची’ नव्हती, वेगात दिशा बदलणाऱ्या पक्ष्यांची होती. इतकं नेमकं बोट ठेवता आलं पाहिजे.

तुम्हीही हेच करा. गेल्या सीझनमधल्या वाया गेलेल्या फ्रेम काढून बसा आणि प्रत्येकीसमोर एकच कारण लिहा. प्रकाश कमी पडला? मग फ्लॅश किंवा मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स हवी. पोहोचता आलं नाही? लेन्स. हात हलला? शटर स्पीड, ट्रायपॉड किंवा स्टॅबिलायझेशन. फोकस चुकला? मग आधी बघा, लेन्सची मोटर मंद आहे की बॉडी मागे पडते. कारणांच्या यादीत ट्रॅकिंग (हलत्या वस्तूमागे फोकस धावणं), व्हिडिओ आणि आवाज न करणारं शटर, एवढ्याच गोष्टी प्रामुख्याने बॉडीच्या आहेत. बाकीच्यांवरचं औषध नव्या बॉडीत शोधू नये.

दुसरा पुरावा तुमच्या लाइटरूममध्ये, म्हणजे फोटो निवडायच्या-सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पडलेला असतो. मेटाडेटा फिल्टर उघडा, लेन्सनुसार आकडे बघा. मात्र फक्त पार्टीला दिलेल्या, निवडलेल्या फोटोंचे, सगळ्या क्लिकचे नव्हेत. माझ्या फिल्टरमध्ये निम्म्याहून जास्त फोटो २४-१२० एफ/४चे (आधीचे आकडे लेन्सची फोकल लेंथ, एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त) निघाले, त्याखालोखाल ८०-२०० एफ/२.८चे. ५० एफ/१.८डी अगदीच किरकोळ. आणि टोकिनाची ११-१६, जी मी जुन्या डी७०००साठी (लहान सेन्सरची, निकॉनच्या भाषेत डीएक्स बॉडी) घेतली होती, ती फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या डी७५०वर, आल्यापासून जवळजवळ शून्यावर. तिचा सुंदर काळा बॉक्स कपाटात बघून मला ती ‘लागते’ असं वाटायचं. आकडे बघितल्यावर ते वाटणं राहिलं नाही.

आधी भाड्याने, मग विकत

जिल्ह्याच्या गावी आता कॅमेरे भाड्याने मिळतात. जी बॉडी घ्यायची आहे ती एका छोट्या ऑर्डरसाठी भाड्याने न्या. बारसं किंवा साखरपुडा चांगला, लग्न नको. दोन हजारांच्या आत एवढा खरा अनुभव दुसरीकडे मिळत नाही. भाड्याच्या बॉडीवर मला एक गोष्ट कळली जी कुठल्याही जाहिरातीत नसते: सायलेंट शटर देवघरात, बाळ झोपलेलं असताना फार मोलाचं. पण आपल्याकडच्या बऱ्याच मंगल कार्यालयांत स्टेजवर एलईडी पट्ट्या असतात. तिथे इलेक्ट्रॉनिक शटरने काढलेल्या फोटोवर आडवे पट्टे येतात. स्टेजवर मेकॅनिकल शटरच वापरावं लागतं. आवाजच नको म्हणून कुणी बॉडी बदलत असेल तर त्याने आपल्या नेहमीच्या दोन-तीन कार्यालयांत ती आधी लावून बघावी.

आणखी एक. माझ्याबरोबर सेकंड कॅमेरा धरायला वाईचा एक मुलगा येतो. त्याच्याकडे डी५६००, त्यासोबत १८-५५ आणि ७०-३००. एका रिसेप्शननंतर तो म्हणाला, “ताई, हे सगळं काढतो आणि फुल फ्रेम घेतो, माझे फोटो फार काळोखे येतात.” आम्ही त्याचे फोटो बसून बघितले. काळोखे होतेच, पण सगळे एफ/५.६वर, फ्लॅश सरळ तोंडावर मारलेला. डी५६००चा सेन्सर चोवीस मेगापिक्सेलचा, वाईट मुळीच नाही. मी त्याला डीएक्स ३५ एफ/१.८ची सेकंड हँड लेन्स आणि छताकडे वळवता येईल असा एक फ्लॅश घ्यायला लावला. एफ/५.६वरून एफ/१.८वर गेलं की तीन स्टॉपांहून जास्त (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) प्रकाश येतो, म्हणजे आयएसओ ६४०० लागायचा तिथे ८००च्या आसपास भागतं. त्याला काही विकावं लागलं नाही. त्याच्या फ्रेममधली माणसं आता भिंतीपासून सुटून उभी दिसतात, आणि मला त्याचा फार आनंद आहे.

निर्णय बॉडीवर नाही, लेन्सवर ठरतो

इथे सगळ्यांत जास्त पैसे वाचतात किंवा जातात, म्हणून जरा सविस्तर.

निकॉनचा एफ माउंट (आरसा असलेल्या जुन्या बॉडींची लेन्स बसवायची जागा) १९५९ पासूनचा, मिररलेसचा झेड माउंट २०१८ चा. मधल्या इतक्या वर्षांच्या लेन्सेस एफटीझेड अ‍ॅडॉप्टरने झेड बॉडीवर बसतात. पण बसणं वेगळं आणि चालणं वेगळं. एफटीझेडमध्ये फोकसची मोटर नाही. ज्या लेन्सच्या पोटात स्वतःची मोटर आहे, म्हणजे नावात एएफ-एस, एएफ-पी किंवा एएफ-आय आहे, तीच ऑटोफोकस करते. नुसतं ‘एएफ’ आणि शेवटी ‘डी’ असं लिहिलेल्या लेन्सेस बॉडीतल्या स्क्रूने फिरतात. झेडवर त्या उजेडाचं माप बरोबर देतात, पण फोकस हाताने करावा लागतो. लग्नात सप्तपदी चालू असताना हाताने फोकस करायचा विचारही नको.

आता माझं कपाट बघा. २४-१२० एफ/४जी ही एएफ-एस, म्हणून झेडवर चालते. २००-५०० एफ/५.६ई, पक्ष्यांची, तीही चालते. ८०-२०० एफ/२.८डी आणि ५० एफ/१.८डी चालत नाहीत. तेव्हा पहिला विचार येतो की न चालणाऱ्या विकून टाकाव्या. पण ८०-२००ला जीव देणारी मोटर माझ्या डी७५०मध्येच आहे. दोन्ही एकत्र असल्या की लग्नात वरमाला, पाठवणी, लांबून टिपलेले चेहरे यांसाठी तो पूर्ण सक्षम दुसरा सेट आहे. दोन्ही वेगळ्या केल्या की बाजारात दोघींनाही फारसा भाव नाही. ८०-२००च्या ए/एम रिंगला (ऑटो-मॅन्युअल फोकस बदलायच्या) चीर जाण्याची खोड सगळ्या जुन्या दुकानदारांना माहीत आहे, ते पहिलं बोट तिथेच ठेवतात. मोटर असलेली जुनी बॉडी आणि स्क्रूच्या लेन्स ही जोडी तोडायची नाही, हा माझा ठाम सल्ला आहे. ठेवायची तर दोन्ही, काढायची तर दोन्ही.

कॅननमध्ये ही कटकट नाही. १९८७ पासूनच्या ईएफ लेन्सेसची मोटर लेन्समध्येच असते, त्यामुळे आरएफ, म्हणजे कॅननच्या मिररलेस बॉडीवर अ‍ॅडॉप्टर लावला की ऑटोफोकससकट चालतात. कॅननवाल्यांनी लेन्स विकायची अजिबात घाई करू नये. बॉडी बदला, अ‍ॅडॉप्टर घ्या, लेन्स हळूहळू बदलत राहतील. एरवीही बॉडीचा भाव दर नव्या मॉडेलबरोबर घसरतो, चांगली लेन्स मात्र तग धरते.

ज्यांच्या घरी आईवडिलांच्या काळातल्या, हाताने फोकस करायच्या निकॉनच्या ‘एआय’ मालिकेतल्या लेन्स आहेत त्यांनी तर त्या मुळीच काढू नयेत. झेड बॉडीवर फोकस पीकिंगने फोकसमधल्या कडा रंगीत दिसतात, मेन्यूत लेन्सची फोकल लेंथ भरली की स्टॅबिलायझेशनही मिळतं. पेढ्याच्या पेटीचा फोटो ट्रायपॉडवर काढायला ऑटोफोकस लागतोच कशाला?

फरकाचा हिशेब

माझे आकडे देते. भाव गावोगाव आणि महिन्यागणिक बदलतात, पद्धत तेवढी घ्या.

खर्चाच्या बाजूला बॉडी धरली दीड लाख. एफटीझेड वीस हजारांच्या घरात. एक जादा बॅटरी, सात हजार. एक लाख सत्त्याहत्तर हजार झाले. इथे बॉडीची निवडही खर्च वाढवते. झेड५ टूमध्ये दोन्ही खाचा एसडीच्या, माझी जुनी कार्डं चालतात. झेड६ टूमध्ये एक खाच सीएफएक्स्प्रेसची, म्हणजे दोन खाचांत बॅकअप घ्यायचा तर ते महागडं कार्ड आणि त्याचा रीडर वेगळा. लग्नाचं काम करणाऱ्याने दोन खाचांशिवाय कॅमेरा घेऊच नये, म्हणून हा खर्च टाळता येत नाही. डी७५०च्या जुन्या ईएन-ईएल१५ बॅटऱ्या झेड५, झेड६ मालिकेत बसतात, पण कमी वेळ चालतात आणि यूएसबीने कॅमेऱ्यात चार्ज होत नाहीत. निकॉनचे फ्लॅश चालतात, मात्र अंधारात फोकसला मदत करणारा त्यांचा लाल दिवा मिररलेसवर पेटत नाही. आणि संगणक! एकदाच पैसे भरून घेतलेलं लाइटरूम ६ अजून वापरत असाल तर त्याचे अपडेट २०१७ सालीच थांबले. नव्या कॅमेऱ्याची रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ) फाइल त्यात थेट उघडणार नाही. दुसरं सॉफ्टवेअर लागेल, बहुतेकदा महिन्याच्या भाड्याचं, आणि जुना लॅपटॉप धापा टाकू लागेल. हा खर्च दुकानदार कधीच सांगत नाही.

जमेच्या बाजूला मी काढायच्या ठरवल्या फक्त डीएक्सच्या आणि न वापरलेल्या गोष्टी. डी७००० बॉडी तेरा हजार, १६-८५ लेन्स नऊ हजार, टोकिना चौदा, ५० एफ/१.८डी लेन्स पाच. एकूण एक्केचाळीस हजार. फरक राहिला एक लाख छत्तीस हजार.

आता मोह बघा. डी७५० चाळीस हजारांना आणि ८०-२०० सत्तावीस हजारांना जात होती. ती जोडी काढली असती तर फरक एकोणसत्तर हजारांवर आला असता. पण मग लग्नात दुसरी बॉडी भाड्याने. आमच्याकडे हजार रुपये दिवस. टेलिलेन्स आठशे. एका लग्नसराईत समजा तीस दिवस काम लागलं तर चोपन्न हजार नुसतं भाडं. म्हणजे विकून आलेले सदुसष्ट हजार सव्वा सीझनमध्ये संपले, आणि हातात काहीच नाही. शिवाय मार्गशीर्षातल्या मोठ्या मुहूर्ताला भाड्याची बॉडी ऐन वेळी मिळत नाही तो ताप वेगळा. छंद म्हणून फोटो काढणाऱ्याचं गणित याच्या उलट येईल. त्याला दुसरी बॉडी वर्षातून एकदा लागते, त्याने विकलेलं बरं.

विकून सगळे पैसे उभे राहतील ही अपेक्षाच सोडा. विकून फरक कमी होतो, उरलेला फरक नव्या कॅमेऱ्याने कमवायचा असतो. रीलचं वेगळं पॅकेज लावल्यावर किती ऑर्डरींत तो फिटेल हे बघा. दोन सीझनमध्ये फिटत असेल तर घ्या. त्याहून जास्त लागत असेल तर मी थांबेन. ‘नो कॉस्ट’ ईएमआय घेणार असाल तर व्याजावरचा अठरा टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी त्या फरकातच मिळवा.

तुम्ही जीएसटीत नोंदलेले असाल आणि कॅमेरा घेताना त्याचं क्रेडिट घेतलं असेल, किंवा कॅमेऱ्यावर घसारा दाखवत असाल, तर विकण्याआधी सीएला एक फोन करा. जुनी वस्तू विकतानाही कर लागू शकतो.

विकायचं ठरलं, आता वस्तू तपासा

मुंबईत सीएसएमटीसमोर, फोर्टच्या बोरा बाजारात आणि आजूबाजूला जुन्या कॅमेऱ्यांचा व्यवहार करणारी दुकानं आहेत. तिथल्या एका काउंटरवर मी माझी १६-८५ ठेवली तेव्हा समोरच्या वयस्क गृहस्थांनी पहिल्यांदा किंमत विचारली नाही की मॉडेलही बघितलं नाही. दोन्ही झाकणं काढली, मागून मोबाइलचा टॉर्च लावला आणि लेन्स तिरकी तिरकी करत पुढून बघत राहिले. मग झूम रिंग कानाजवळ नेऊन सावकाश फिरवली. मग माउंटवरचे स्क्रू नखाने चाचपले. स्क्रूच्या खाचेचा रंग उडालेला असेल तर लेन्स आधी उघडलेली आहे, दुरुस्त झालेली आहे. त्यानंतर अ‍ॅपर्चरची पाती उघडमीट करून त्यांवर तेल आलंय का बघितलं. हे सगळं एका मिनिटात, न बोलता. शेवटी एकच प्रश्न: “बिल-बॉक्स आहे?”

ही तपासणी आता मी घरीच करते, गिऱ्हाईक बोलवायच्या आधी. टॉर्चच्या उजेडात काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. आपल्याकडे महाबळेश्वर, कोकण, मुंबई या पट्ट्यात पावसाळ्यात बॅगेत बंद राहिलेल्या लेन्सला ती धरतेच. वेळीच साफ केली तर काच वाचते, उशीर झाला तर कोटिंग खाल्लं जातं आणि भाव निम्म्यावर येतो. विकायची वस्तूसुद्धा विकेपर्यंत हवाबंद डब्यात, सिलिका जेल आणि दोनशे-तीनशे रुपयांच्या आर्द्रतामापकासह ठेवा. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांमध्ये असावा.

बॉडीचं शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झाले तो आकडा, गिऱ्हाईक विचारणारच. निकॉनमध्ये ते प्रत्येक मूळ फोटोच्या एक्झिफमध्ये (फोटोसोबत साठवलेल्या माहितीत) असतं. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला तर ती माहिती गळून जाते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कॅननच्या बहुतेक बॉडींमध्ये फोटोत ते नसतं, कॅमेरा केबलने संगणकाला जोडून सॉफ्टवेअरने काढावं लागतं. डी७००० आणि डी७५० दोन्हींच्या शटरची चाचणी दीड लाख क्लिकची आहे. तो आकडा म्हणजे आयुष्याची शेवटची तारीख नव्हे, पण भाव त्याभोवतीच फिरतो. सुरुवातीच्या काही डी७५० बॉडींचं शटर निकॉनने मोफत दुरुस्त करून दिलं होतं. तुमची त्यांतली असेल तर त्या कामाची पावती बिलाबरोबर लावा, चोखंदळ गिऱ्हाईक नक्की विचारतो.

सेन्सरवरची धूळ बघायला एफ/१६वर मोकळ्या आकाशाचा एक फोटो काढा. अंगठ्याखालचं रबर सुटलं असेल तर बदलून घ्या. काही शेकड्यांचं काम आहे आणि कॅमेरा हातात घेतल्याबरोबर पहिला स्पर्श तिथेच होतो. ओरखडे लपवू नका. प्रत्येक ओरखड्याचा जवळून फोटो जाहिरातीत टाका. कराड-कोल्हापूरहून माणूस एसटीने येतो आणि इथे येऊन ओरखडा बघतो, तेव्हा व्यवहार मोडतो किंवा भाव पडतो. आधीच दाखवलेल्या ओरखड्यावर कुणी घासाघीस करत नाही.

भाव, वेळ, गिऱ्हाईक

ऑनलाइन लावलेले भाव बघून आपला भाव ठरवू नका. ते मागितलेले भाव, मिळालेले नव्हेत. फोटोग्राफरांच्या ग्रुपमध्ये ‘सोल्ड’ झालेल्या पोस्ट बघा आणि दोन दुकानांना फोन करून खरेदीचा भाव विचारा. दुकान थेट गिऱ्हाइकापेक्षा साधारण तीसेक टक्के कमी देतं असा माझा अनुभव आहे. त्यात अन्याय नाही, त्यांना वॉरंटी द्यायची असते, माल अडकून पडतो. स्वस्त वस्तू दुकानाला द्या, त्यासाठी चार अनोळखी माणसांचे फोन घेण्यात अर्थ नाही. टोकिनासारखी, नेमकी कुणाला तरी हवीच असलेली लेन्स मात्र थेट विका. डीएक्सवर घरांचे फोटो काढणारे ती शोधत असतात.

वेळ बघाल तर तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, म्हणून नवे मुलगे दसऱ्याच्या आधीपासून सेकंड हँड बॉडी शोधायला लागतात. तीच विकायची वेळ. पावसाळ्यात मागणी थंड असते. दिवाळीच्या ऑफरमध्ये नव्या बॉडींचे भाव उतरले की जुन्यांचेही त्यांच्यामागे उतरतात.

ऑनलाइन गिऱ्हाइकाच्या बाबतीत एक नियम कधीही मोडू नका: पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, क्यूआर स्कॅनही लागत नाही. “मी फौजेत आहे, पोस्टिंगवर आहे, कॅमेरा बघायची गरज नाही, हा कोड स्कॅन करा, पैसे येतील,” असं कुणी म्हणालं की तिथेच फोन ठेवा. साताऱ्यात घराघरातून माणसं सैन्यात आहेत, म्हणून त्या नावाने ठगणाऱ्याचा मला जास्त राग येतो. भेट दिवसा, ओळखीच्या स्टुडिओत किंवा बँकेत ठेवा. गिऱ्हाइकाला स्वतःचं कार्ड आणायला सांगा, हवे तेवढे फोटो काढू द्या. पैसे खात्यात जमा झाल्याचं बँकेच्या अ‍ॅपमध्ये स्वतः बघा, त्याने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका.

कामाचा क्रम

आधी नवी बॉडी घ्या, वॉरंटी कार्ड भारतातलं आहे याची खात्री करून. ग्रे मार्केटची (अधिकृत वितरकाशिवाय आलेली) बॉडी चार पैसे स्वस्त पडते, पण कंपनीची भारतातली वॉरंटी मिळत नाही आणि पुढे विकताना तेवढेच पैसे कमी येतात. मग एका छोट्या ऑर्डरला नवी-जुनी दोन्ही न्या. फोकस, कार्डं, फ्लॅश, लॅपटॉपवर रॉ उघडणं, सगळं सुरळीत झालं की मगच जुन्याची जाहिरात टाका. आधी विकून मधले आठवडे रिकाम्या हाताने काढणं धंद्याच्या माणसाला परवडत नाही. हातातला पैसा कमी असेल तर निदान कपाटात बसलेल्या डीएक्सच्या गोष्टी आधी काढा, कामाची बॉडी शेवटी.

द्यायच्या आदल्या दिवशी मेन्यूतल्या कॉपीराइट माहितीतलं तुमचं नाव पुसा. नाहीतर पुढच्या माणसाच्या प्रत्येक फोटोत ते छापलं जाईल. वायफायची जोडणी काढा, सेटिंग रीसेट करा. नावाचा पट्टा काढून घ्या. कार्ड कॅमेऱ्यात राहू देऊ नका. फॉरमॅट केलेल्या कार्डावरचे फोटोही परत काढता येतात, आणि ते दुसऱ्यांच्या घरच्या लग्नाचे असतात. कार्डं मी कधीच विकत नाही.

साध्या कागदावर विक्रीपत्र लिहा: मॉडेल, बॉडी आणि लेन्सचे सिरीयल नंबर, त्या दिवशीचं शटर काउंट, रक्कम, कशी मिळाली, तारीख, ‘तपासून घेतले’ हे शब्द, दोघांच्या सह्या. सोबत त्याच्या ओळखपत्राची प्रत. मूळ बिल त्याला द्या, पण त्याचा फोटो आपल्याकडे ठेवा. चोरीच्या कॅमेऱ्यांची चौकशी सिरीयल नंबरवरून होते, तेव्हा तुमच्याकडून तो कधी आणि कुणाकडे गेला हे सांगणारा कागद दोघांकडेही हवा.